बाराव्या खेळाडूनंतर

कबड्डीत एका संघाचे ७ खेळाडू मैदानात उतरतात आणि ५ राखीव बसतात. संघ १२ जणांचा. पण मुंबईत लालबाग-परळला, पुण्याच्या पेठांत किंवा सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या गावात जे मंडळ रोज सराव घेते, तिथे येणारी मुले १२ पेक्षा कितीतरी जास्त असतात. किशोर, कुमार, खुला असे सगळे गट धरले, तरी निवड न होणाऱ्यांची संख्या निवड होणाऱ्यांपेक्षा मोठीच राहते. ही मुले काही वर्षे नेमाने येतात. मैदान झाडतात, फक्कीने रेषा आखतात, सामन्याला गुण लिहितात, पाहुण्या संघाला पाणी देतात. मग दहावी येते, वडिलांचे काम सुटते किंवा गल्लीतली दुसरी संगत लागते आणि ती दिसेनाशी होतात. मंडळाच्या कपाटात चषक असतात, भिंतीवर राज्य पातळीवर खेळलेल्यांच्या तसबिरी असतात. तेराव्या मुलाचे पुढे काय झाले, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.

त्याच वस्तीत बहुधा एखादी स्वयंसेवी संस्थाही काम करत असते. शाळा सुटलेल्या मुलांना परत शाळेत पाठवणे, किशोरींचे आरोग्य, व्यसनापासून तरुणांना दूर ठेवणे ही तिची कामे. म्हणजे तिची सगळी धडपड नेमकी त्या तेराव्या मुलासाठीच असते. पण तो तिला भेटत नाही. तिची कार्यकर्ती दारोदार फिरते, पालकांना विनवते, वीस मुले कशीबशी जमवते आणि पुढच्या आठवड्यात त्यांतली आठच येतात. तिथून शंभर पावलांवरच्या मैदानात मात्र कोणी न बोलावता रोज संध्याकाळी साठ मुले हजर असतात.

एकाकडे मुले आहेत, पण संघाबाहेरच्या मुलाकडे पाहण्याची सवय नाही. दुसरीकडे ती दृष्टी आहे, पण मुले नाहीत. क्रीडा मंडळे आणि स्वयंसेवी संस्था यांनी भागीदारी करावी असे मी म्हणतो, ते यासाठी. आणि ती भागीदारी खरी की दिखाऊ, हे ठरवायला एकच कसोटी पुरेशी आहे: बाराव्या खेळाडूनंतरच्या मुलाला, आणि मैदानाच्या कडेलाही न पोहोचलेल्या मुलीला, या भागीदारीमुळे काही मिळाले का?

ही दोन कामे मुळात वेगळी नव्हती. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान उभारले, त्यांनीच निरनिराळ्या समाजांतल्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे काढली. शरीर कमावणे आणि शिकणे हे त्यांच्या लेखी एकाच मुलाचे दोन हक्क होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ साली एका आखाड्यातून झाली. १९३६ साली या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि पुढे शारीरिक शिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्थेपर्यंत त्याची वाढ झाली. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने व्यायामाबरोबर शाळाही चालवल्या. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने तर मैदानावरची शाखा हाच समाजकार्याचा पाया मानला. तिथे खेळ, कवायत, बौद्धिक आणि कलापथक ही एकाच संध्याकाळची कामे होती. जात विसरून एकत्र खेळणाऱ्या मुलामुलींना समतेवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

पुढे वाटा फुटल्या. खेळ संघटनांच्या, अजिंक्यपद स्पर्धांच्या आणि नोकऱ्यांच्या रस्त्याने गेला. गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ उभे राहिले. चांगली चढाई करणाऱ्या मुलाला नोकरी मिळू लागली आणि गरीब घरातल्या शेकडो तरुणांचे संसार त्यातून उभे राहिले. आज सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने या खेळात पैसाही आणला. हे सगळे चांगलेच झाले. पण त्यामुळे मंडळाची नजर वरच्या काही मुलांवर खिळली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, तेव्हा गिरणगावातल्या मंडळांचा जुना आधार तुटला आणि पुष्कळ ठिकाणी त्याची जागा स्थानिक पुढाऱ्याच्या देणगीने घेतली. दुसऱ्या बाजूला १९७२ चा दुष्काळ आणि सत्तरीच्या दशकातल्या युवक चळवळी यांतून नव्या स्वयंसेवी संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी अभ्यास केला, नोंदी ठेवल्या, कायदे समजून घेतले. मात्र निधी प्रकल्पावर मिळू लागला तसे त्यांचे कामही प्रकल्पाच्या मुदतीत बसू लागले. दोघेही आपापल्या कामात तरबेज झाले आणि एकमेकांना अनोळखी होत गेले.

म्हणून भागीदारीची पहिली पायरी म्हणजे समोरच्याकडे जे आहे त्याची किंमत ओळखणे.

क्रीडा मंडळाकडे सर्वांत मोठी गोष्ट आहे ती रोजची हजेरी. ग्रामसभा वर्षातून काही वेळा भरते, शिबिर दोन दिवसांचे असते, पण सराव रोज असतो. रोज भेटणाऱ्या प्रशिक्षकाला मुलाचा चेहरा उतरलेला दिसतो, घरात मारहाण झाल्याचा वळ दिसतो, गुटख्याने लाल झालेले दात दिसतात. त्याचा शब्द मूल ऐकते, कारण हा माणूस आपल्यासाठी संध्याकाळ देतो हे त्याने पाहिलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे गल्लीचा विश्वास. कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नुसती संघांची नावे नाहीत, त्यांच्यामागे आख्खी पेठ उभी असते. सणवार, लग्न, आजारपण, मयत, सगळ्याला तालमीची पोरे लागतात. असा विश्वास कोणत्याही संस्थेला तीन वर्षांच्या प्रकल्पात मिळवता येत नाही.

स्वयंसेवी संस्थेकडे आहे ती पद्धत. कोण येत नाही आणि का येत नाही, हे शोधण्याची तिला सवय असते. शाळेचा दाखला अडला तर कुठे जायचे, मुलीचे लग्न लहान वयात ठरत असेल तर कोणाला कळवायचे, रक्तक्षय असलेल्या मुलीला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हे तिला माहीत असते. हिशेब आणि अहवाल तिला जमतात. आणि जो मागे पडतो त्याच्यासाठी थांबायचे असते, हा तिचा स्वभावच असतो. मैदान जिंकणाऱ्याकडे पाहायला शिकवते. या दोन नजरा एकत्र आल्या तरच मूल पुरते दिसते.

उमेद आणि पद्धत यांची गाठ पडली नाही तर काय होते, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने दाखवले. सांगली-कोल्हापुरात पहिल्यांदा पाण्यात उतरले ते स्थानिक तरुण. पोहता येणारे, नाव वल्हवता येणारे, प्रत्येक बोळ तोंडपाठ असलेले. त्यांनी असंख्य माणसे बाहेर काढली. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि अनेकांचा जीव गेला. तिथे धैर्य कमी पडले असे कोणीही म्हणणार नाही. नावेत किती माणसे घ्यायची याचा नियम, जीवरक्षक जाकिटे, आधी केलेला सराव या गोष्टी पूर येण्यापूर्वी गावात असाव्या लागतात. नदीकाठच्या प्रत्येक गावात तालीम किंवा तरुण मंडळ आहे. आपत्ती व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. या दोघांनी उन्हाळ्यातच एकत्र बसून तयारी करणे हे भागीदारीचे सर्वांत निकडीचे रूप आहे. त्यासाठी कोणा मोठ्या दात्याची वाट पाहण्याची गरज नाही.

खेळातून सामाजिक काम होते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने आधीच दिले आहे. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे हे काम घरोघरी पोहोचले. मुंबईत १९९९ साली मॅथ्यू स्पेसी यांनी रस्त्यावरच्या मुलांना रग्बी शिकवता शिकवता ‘मॅजिक बस’ सुरू केली. वस्तीतल्याच तरुणांना तयार करून त्यांच्याकडून खेळातून शिकवणे ही तिची रीत. कफ परेडच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’ सुरू केली. तिचा नियम साधा आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. शाळेत जाण्यासाठी मूल आईवडिलांचे ऐकणार नाही कदाचित, पण संध्याकाळचा खेळ चुकू नये म्हणून ते सकाळी शाळेत जाईल.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. या संस्थांना खेळाची घडी मुळापासून बसवावी लागली. मैदान शोधा, प्रशिक्षक घडवा, मुले जमवा, पालकांचा विश्वास मिळवा, यात वर्षे गेली. ते आवश्यकही होते, कारण ज्या मुलांसाठी त्या उभ्या राहिल्या ती कोणत्याही क्लबच्या खिजगणतीत नव्हती. पण महाराष्ट्रात जिथे पन्नास-साठ वर्षांची मंडळे आहेत, तिथे प्रत्येक संस्थेने शून्यापासून का सुरुवात करावी? आणि मंडळानेही समुपदेशक, आरोग्यसेविका, अभ्यासिका हे सगळे स्वतःच का उभारावे?

गोवंडीच्या शिवाजीनगरात झालेले ‘परिवर्तन’ हे काम मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. स्त्रियांवरच्या हिंसेवर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने वस्तीत अनेक वर्षे काम करणाऱ्या ‘अपनालय’ या संस्थेला बरोबर घेतले. आधी क्रिकेटच्या प्रशिक्षकांना मुलग्यांशी स्त्रियांबद्दलच्या आदराविषयी बोलायला शिकवले, मग किशोरवयीन मुलींसाठी कबड्डीचा उपक्रम केला. मुलींना मार्गदर्शन करणाऱ्या तरुणी त्याच वस्तीतल्या होत्या. अडचणी ठरलेल्याच होत्या. मुलींनी उघड्या मैदानात खेळायचे कसे, ट्रॅक पँट घालायची कशी, मुलगे जागा सोडणार का, लोक काय म्हणतील. या प्रश्नांना घरोघरी जाऊन, पालकांशी पुनःपुन्हा बोलून उत्तरे द्यावी लागली. ते प्रशिक्षकाचे एकट्याचे काम नव्हते. आणि कबड्डीचे अंगण नसते तर संस्थेच्या बोलण्याला मुलींनी कितपत वेळ दिला असता, याची मला शंका आहे.

मुलींचा प्रश्न या भागीदारीत सर्वांत आधी घ्यावा असे मी आग्रहाने म्हणतो. सार्वजनिक मैदान ही आपल्याकडे अजून मुलग्यांची जागा आहे. मुलगी मैदानात यावी असे वाटत असेल तर सरावाची वेळ, दिव्यांचा उजेड, स्वच्छतागृह, कपडे बदलायला आडोसा, पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू, घरी परतताना सोबत आणि एक स्त्री प्रशिक्षक इतक्या गोष्टी आधी लागतात. यातली एकही कबड्डीच्या नियमांच्या पुस्तकात नाही. किशोरींबरोबर काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीला मात्र त्या तोंडपाठ असतात. मंडळाने आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मैदान मुलींना द्यायचे आणि संस्थेने त्या संध्याकाळी शक्य करायच्या, एवढ्या एका कराराने कित्येक गावांचे चित्र पालटेल.

याला हरकती आहेत आणि त्या गंभीर आहेत. पहिली प्रशिक्षकांकडून येते. पोरे खेळायला येतात, भाषण ऐकायला नाही. खेळाला उपदेशाचे ओझे लावले तर दोन्ही बिघडेल, असे ते म्हणतात. ही हरकत खरी आहे. खेळ हे आमिष नव्हे. सराव अर्ध्यावर थांबवून माहितीपत्रके वाटणाऱ्या संस्थेने मुलांचा आणि खेळाचाही अपमान केलेला असतो. म्हणून सरावाची वेळ पूर्ण प्रशिक्षकाची असावी. संस्थेने आपले काम सरावाच्या आधी, नंतर आणि मैदानाबाहेर करावे: गैरहजर मुलाच्या घरी जाणे, अभ्यासिका चालवणे, तपासणी करवून घेणे, ज्याला खेळायचे नाही त्याला पंचगिरी, गुणलेखन, प्रथमोपचार शिकवणे. पंच आणि गुणलेखक हे खेळाला लागतातच. तेराव्या मुलाला तिथे मानाची जागा मिळू शकते. शिवाय खाली जितकी जास्त मुले टिकतील तितका वरचा संघ बळकट होईल, हे कोणत्याही वस्तादाला पटेल.

दुसरी हरकत संस्थांकडून येते. मंडळे पुढाऱ्यांच्या ताब्यात आहेत, त्यांच्याबरोबर काम केले तर आपण एका गटाचे ठरू. हीही भीती निराधार नाही. स्पर्धेच्या कमानीवर कोणाचा फोटो किती मोठा, यावर अनेक मंडळांत राजकारण चालते. पण याचे उत्तर दूर राहणे हे नाही. पुढाऱ्याच्या एकाच देणगीवर मंडळ उभे असते तोवर ते त्याचेच राहते. सभासदांची वर्गणी, पालकांची छोटी मदत, शासनाचे व्यायामशाळा व क्रीडांगण विकासाचे अनुदान, संस्थेमार्फत येणारा निधी असे चार आधार झाले की पहिल्याची पकड आपोआप सैल होते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. पण हा निधी मिळवायला नोंदणी, लेखापरीक्षण, प्राप्तिकराची प्रमाणपत्रे अशी कागदपत्रे लागतात. आपली बहुसंख्य छोटी मंडळे इथे अडतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी कधीतरी झालेली असते, पण विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे गेलेला नसतो आणि हिशेबही भरलेला नसतो. स्वयंसेवी संस्थेने मंडळाला पहिली मदत करावी ती हीच. एक जाणता हिशेबनीस वर्षभर दर महिन्याला एक संध्याकाळ बसला तर मंडळाचे दप्तर मार्गी लागते. त्याऐवजी निधी सगळा संस्थेच्या खात्यात आणि मंडळाकडे फक्त मैदान व मुले पुरवण्याचे काम, अशी वाटणी झाली तर ती भागीदारी नव्हे, ते कंत्राट होय. खर्चाचा निर्णय दोघांच्या सह्यांनी व्हावा.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. मुलांची सुरक्षितता. प्रवास, मुक्काम, अंगाला हात लावून शिकवणे, मोठ्या माणसाचा अधिकार हे सगळे खेळात असते आणि म्हणूनच तिथे अत्याचाराचा धोकाही असतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ साली झाला. असा गुन्हा घडल्याचे कळल्यावर तो पोलिसांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. किती प्रशिक्षकांना हे माहीत आहे? मुलाने तक्रार कोणाकडे करायची, मुलींबरोबर बाहेरगावी कोण जाईल, बंद खोलीत एकट्या मुलाला कोणी बोलवायचे नाही, हे नियम लिहून मैदानावर लावले पाहिजेत. मंडळाची बदनामी होईल म्हणून प्रकरण मिटवण्याची सवय मोडायची असेल तर बाहेरची संस्था सोबत असणे फार उपयोगी पडते. तसेच संस्थेचे कार्यकर्तेही त्याच नियमांना बांधलेले असावेत.

राहिला टिकण्याचा प्रश्न. प्रकल्प संपतो, संस्था निघून जाते आणि मंडळाकडे पुन्हा चषक तेवढे उरतात, हा अनुभव पुष्कळ ठिकाणचा आहे. त्यासाठी सुरुवातीलाच एका पानाचा लेखी करार करावा. मैदान कोणत्या दिवशी कोणाचे, किल्ली कोणाकडे, दुखापत झाली तर खर्च कोणाचा, नोंदी कोण ठेवणार आणि तीन वर्षांनी संस्था गेल्यावर हे काम मंडळातले कोण चालवणार, एवढे त्यात असले तरी पुरे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मंडळातलीच दोन-तीन मुलेमुली पहिल्या दिवसापासून तयार करणे. खेळायचे वय सरलेल्या, पण मैदान न सुटलेल्या माजी खेळाडूंपेक्षा योग्य माणसे यासाठी कुठे मिळणार? आणि पहिल्या वर्षी एकच काम हाती घ्यावे. शाळागळती असो, मुलींचा सराव असो वा पुराची तयारी. दहा कामांची यादी कागदावर शोभते, पण तिने माणसे दमतात.

सुरुवात कोणी करायची? माझ्या मते संस्थेने. कारण मंडळाचा माणूस दिवसभर नोकरी-धंदा करून संध्याकाळी मैदानात येतो, त्याला बैठकीसाठी कार्यालयात बोलावणे अन्यायाचे आहे. संस्थेच्या लोकांनी महिनाभर सरावाच्या वेळी मैदानावर जाऊन बसावे, मुलांची नावे शिकावीत, प्रशिक्षकाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मगच आपला प्रस्ताव मांडावा. आपल्या विश्वस्त मंडळावर एखाद्या मैदानावरच्या माणसालाही घ्यावे. मंडळानेही आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात जिंकलेल्या स्पर्धांच्या यादीनंतर आणखी चार ओळी लिहाव्यात: यंदा सरावाला किती मुले-मुली आल्या, किती गळल्या, त्या का गळल्या आणि त्यांच्यासाठी आपण काय केले. पहिल्या वर्षी या ओळी लिहिताना संकोच वाटेल, कारण उत्तरे मिळणार नाहीत. ती शोधायला निघालेल्या मंडळाला भागीदाराची गरज कोणी समजावून सांगावी लागणार नाही, आणि सभासदांनी येत्या सभेतच या चार ओळींची मागणी करावी.